शेजारी शांत, कान अशांत: हेडफोन लावून गिटार वाजवताना

बॉस्टनच्या शेजारी सॉमरव्हिल नावाचं शहर आहे. इथे लाकडी तिमजली घरं खूप. त्यांना 'ट्रिपल डेकर' म्हणतात. एकावर एक तीन बिऱ्हाडं आणि मध्ये लाकडी तुळया नि फळ्या. वर कुणी खुर्ची सरकवली तर खाली कळतं, खाली कुणी शिंकलं तर वर कळतं. अशा घराच्या मधल्या मजल्यावर मी राहते आणि मुलगा झोपला की रात्री साडेनऊनंतर इलेक्ट्रिक गिटार वाजवते.

आमच्या खाली एक पोर्तुगीज आजी राहतात. पहिल्या हिवाळ्यात मी छोटासा अँप आणला आणि आवाजाचं बटण अगदी 'एक'वर ठेवून वाजवायला लागले. चौथ्या दिवशी आजी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "छान वाजवतेस गं. पण रोज तेच तेच का वाजवतेस?" त्यांच्या मनात तक्रार नसावी, पण मी त्याच आठवड्यात हेडफोन आणला. काही महिन्यांनी आजींनी काळजीनं विचारलं, "गिटार सोडलीस का?"

सोडली नव्हती. उलट आधी घाबरत वीस मिनिटं वाजवायचे, ती आता दोन-दोन तास वाजवत होते. जुनी गाणी लावायची आणि त्यांच्याबरोबर वाजवत बसायचं. मग एका रविवारी रात्री हेडफोन काढला, दिवा मालवला, आणि डाव्या कानात बारीक 'टीं' असा आवाज येत राहिला. सकाळी तो गेला. गेला म्हणून मी विसरूनही गेले. दोन आठवड्यांनी तो परत आला, तेव्हा मात्र मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मोजायला बसले.

माझं संशोधन ध्वनिशास्त्रातलं नाही. मी प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरांवर काम करते. पण क्षीण संदेश, गोंगाट आणि मोजमाप हा रोजचाच धंदा आहे. तुमच्यापैकी बरेच जण अशाच पातळ भिंतींच्या घरांत राहत असणार. कुणी गिटार वाजवत असेल, कुणी की-बोर्ड, कुणाची मुलं इलेक्ट्रॉनिक ड्रम बडवत असतील. म्हणून तारेपासून कानापर्यंतचा हा सगळा प्रवास एकदा नीट बघू या.

तार ते कान

इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पेटी नसते. तार बारीक, ती हलली तरी फारशी हवा हलत नाही, म्हणून ही गिटार नुसती वाजवली तर समोरच्यालाही जेमतेम ऐकू येते. तारेखाली 'पिकअप' असतो: लहान चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वाजवायची तार पोलादाची किंवा निकेलची असते. ती चुंबकाजवळ कंप पावली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीजदाब तयार होतो. मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व हेच. सायकलचा डायनॅमो आणि धरणावरचा जनित्रसंच ज्यावर चालतात, त्यावरच गिटारही चालते.

हे सगळं कशासाठी केलं गेलं, हे आठवलं की गंमत वाटते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज बोशाँ आणि रिकनबॅकर कंपनीनं तव्यासारखी दिसणारी पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तिचं नावच 'फ्राइंग पॅन' पडलं. तेव्हाच्या वाद्यवृंदात तुताऱ्या आणि ढोलांपुढे गिटार ऐकूच यायची नाही, म्हणून ती विजेवर आणली. म्हणजे मोठ्या आवाजासाठी जन्मलेलं हे वाद्य, आणि नव्वद वर्षांनी आपण ते कुणालाच ऐकू जाऊ नये म्हणून धडपडतोय.

पिकअपमधून मिळणारा दाब साधारण दहावा हिस्सा व्होल्ट, जोरात वाजवलं तर थोडा जास्त. एवढा दाब हेडफोनला चालला असता, पण पिकअपचा अंतर्गत अडथळा काही हजार ओहम असतो आणि हेडफोनचा बऱ्याचदा ३२ ओहम. बारीक नळीनं हौद भरावा तसा हा प्रकार. गिटारची वायर सरळ हेडफोनला जोडली तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. म्हणून मध्ये एक वर्धक लागतो. हल्ली तो काडेपेटीएवढा मिळतो, गिटारमध्ये खोचायचा आणि हेडफोन त्यात खोचायचा.

डब्यातली माशी

पण नुसता वर्धक लावूनही पहिल्यांदा फार निराशा होते. विशेषतः रॉकमध्ये असतो तसा खरखरीत, 'फाटलेला' आवाज हेडफोनवर डब्यात कोंडलेल्या माशीसारखा येतो. कारण असं, की वर्धकाला झेपणार नाही इतका संदेश दिला की लहरींचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, दहापट, वीसपट कंपनसंख्येचे उपस्वर तयार होतात. गिटारच्या अँपमधला बारा इंची जाड कागदाचा स्पीकर हे वरचे उपस्वर वाजवूच शकत नाही. साधारण ५००० हर्ट्झच्या वर तो हात टेकतो. आपल्याला आवडणारा तो ऊबदार आवाज बराचसा स्पीकरच्या या असमर्थतेतून आलेला असतो. हेडफोन मात्र प्रामाणिक. तो सगळंच ऐकवतो.

उपाय म्हणजे स्पीकरचा दोष मुद्दाम उसना आणायचा. तुम्ही विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली असेल. एका टाळीतून त्या घुमटाचा सगळा स्वभाव कळतो. तसंच स्पीकरला अगदी क्षणभराचा संदेश देऊन तो काय परत देतो ते नोंदवायचं, आणि मग गिटारचा प्रत्येक क्षण म्हणजे लहानमोठी टाळीच आहे असं मानून सगळे प्रतिसाद एकावर एक रचत बेरीज करायची. गणितात याला कन्व्होल्यूशन म्हणतात. तुमच्या फोनवरचं गिटारचं ॲप हीच बेरीज सेकंदाला हजारो वेळा करत असतं.

हे आज सोपं झालं, पण संगणकाशिवाय ज्यांनी ते आधी जमवून दाखवलं त्यांत माझ्या शेजारच्याच गावचा एक माणूस होता. टॉम शोल्झ हा एमआयटीमधून शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. दिवसा पोलरॉइड कंपनीत नोकरी आणि रात्री वॉटरटाउनमधल्या तळघरात गिटार. १९७६ साली त्याच्या 'बॉस्टन' बँडची पहिली रेकॉर्ड आली, तिचा बराचसा भाग त्या तळघरात ध्वनिमुद्रित झालेला होता. अँप पूर्ण ताकदीनं चालवल्याशिवाय हवा तो आवाज मिळत नाही आणि पूर्ण ताकदीनं चालवला तर वस्ती जागी होते, ही अडचण शोल्झलाही होती. त्यानं आधी 'पॉवर सोक' नावाचं उपकरण काढलं. ते अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून बरीचशी वीज उष्णतेत घालवायचं. मग १९८२ साली 'रॉकमन' आला: पट्ट्याला अडकवता येईल एवढी डबी, आत स्पीकरच्या स्वभावाची नक्कल करणारं सर्किट, आणि बाहेर फक्त हेडफोनची जागा. सोनीचा वॉकमन १९७९ सालचा, तेव्हा नाव कशावरून सुचलं असेल ते सांगायला नको. सरावासाठी काढलेली ही डबी पुढे 'डेफ लेपर्ड'सारख्या बँडनी स्टुडिओतही वापरली.

उशीर किती चालतो?

आता तुमच्यापैकी ज्यांनी घरच्या ब्लूटूथ हेडफोनवर गिटार वाजवून बघितली असेल, त्यांना आलेला अनुभव: बोट आत्ता पडतं आणि स्वर मागाहून येतो. दोन मिनिटांत डोकं उठतं.

ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. अँप तीन मीटरवर असेल तर त्याचा आवाज नऊ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि कुणाची तक्रार नसते. संगणकात किंवा फोनमध्ये आवाजाचे नमुने छोट्या गठ्ठ्यांनी हाताळले जातात. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १२८ नमुन्यांचा गठ्ठा असेल तर एका गठ्ठ्याला पावणेतीन मिलिसेकंद लागतात. आत-बाहेर मिळून दहाच्या आत राहिलं तर ते अँपपासून दोन-तीन पावलं दूर उभं राहण्यासारखंच.

ब्लूटूथमध्ये मात्र आवाज आधी दाबून लहान करायचा, पाठवायचा, साठवायचा, मग उलगडायचा, यात १५० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. २०० मिलिसेकंद म्हणजे स्पीकर जवळजवळ सत्तर मीटर दूर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आणि नेमका एवढाच उशीर मेंदूला सर्वांत जास्त छळतो. माणसाला स्वतःचंच बोलणं सुमारे ०.२ सेकंद उशिरा ऐकवलं तर त्याची जीभ अडखळते, हे १९५० च्या सुमारासच्या प्रयोगांपासून माहीत आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पैसे वाचतील. बरोबर वाजवायचं गाणं फोनवरून वर्धकाकडे ब्लूटूथनं आलं तरी काही बिघडत नाही. ते उशिरा आलं तर आलं, तुम्ही जे ऐकताय त्याच्या तालावर वाजवणार आहात. गिटारचा आवाज मात्र ब्लूटूथनं कानात येता कामा नये, कारण तो तुमच्याच बोटांच्या मागे पडतो. म्हणून हेडफोन वायरचा घ्या. बिनतारीच हवा असेल तर खास वाद्यांसाठी बनवलेला घ्या. ते ब्लूटूथऐवजी स्वतःची वेगळी जलद रेडिओ जोडणी वापरतात.

गाणं विरुद्ध आपण

आवाज चांगला झाला, उशीर गेला. आता मी १९७१ सालचं 'दम मारो दम' लावते. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची, आणि मला ती तशी वाजवायची असते. इथे खरी गोम आहे.

माझी गिटार आणि रेकॉर्डवरची गिटार एकाच कंपनसंख्येच्या पट्ट्यात असतात. गिटारचे मूळ स्वर ८२ हर्ट्झपासून साधारण १२०० हर्ट्झपर्यंत आणि त्यांचे उपस्वर आणखी वर. गायिकेचा आवाज तिथेच, की-बोर्ड तिथेच. कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात प्रत्येक कंपनसंख्येला आपापली जागा ठरलेली असते. दोन आवाज एकाच जागी आले तर मोठा आवाज लहानाला झाकून टाकतो. याला मास्किंग म्हणतात. मग होतं काय, की मला माझी गिटार ऐकू येत नाही, म्हणून मी ती वाढवते. आता गाणं ऐकू येत नाही, म्हणून गाणं वाढवते. मग परत गिटार. आपणच आपल्याशी भांडत राहतो आणि दोन्ही बटणं चढत जातात.

शिवाय दोन आवाज एकत्र आले की डेसिबल थोडे आणखी वाढतात. गाणं ८८ डेसिबल आणि गिटारही ८८ डेसिबल असेल तर बेरीज १७६ होत नाही, ९१ होते. नुसते तीन डेसिबल ऐकायला क्षुल्लक वाटतात. त्यांची किंमत पुढे येतेच.

याला आणखी एक जोड आहे. आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली बेल प्रयोगशाळेतून याचे आलेख प्रसिद्ध केले. त्यामुळे हळू वाजणारं गाणं पोकळ वाटतं, आवाज वाढवला की 'भरलेलं' वाटतं, आणि हात आपोआप बटणाकडे जातो.

एक मिलिवॅट

आता माझ्या मोजणीकडे येते. एक पुठ्ठ्याची चकती कापली, मधोमध भोक पाडलं, त्यात फोनचा मायक्रोफोन बसवला आणि चकती हेडफोनच्या गादीवर घट्ट धरली. अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार आरोग्य संस्थेचं आवाज मोजायचं मोफत ॲप आयफोनवर मिळतं, ते वापरलं. बटणं त्या रविवारी जिथे होती तिथेच ठेवली. गिटार आणि गाणं मिळून आकडा ९५ च्या आसपास आला. या घरगुती पद्धतीत काही डेसिबलची चूक सहज होते, आणि कानाला चिकटवून मोजलेला आवाज व मोकळ्या खोलीत मोजलेला आवाज यांची तुलना तंतोतंत करता येत नाही. पण पाचसहा डेसिबल कमी धरले तरी मला घाम फुटला.

कारण नायॉशचा नियम असा: ८५ डेसिबल दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. मघाच्या त्या क्षुल्लक तीन डेसिबलनी सरावाचा निम्मा वेळ खाल्ला. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला करमणुकीसाठी याहून कडक आहे: मोठ्या माणसांना ८० डेसिबल, आठवड्याला चाळीस तास, लहान मुलांसाठी ७५.

मी इतकी वर कशी गेले? यामागे एक साधा हिशेब आहे. गिटारच्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण १०० डेसिबल आवाज मिळतो. तेवढाच आवाज कानावर आणायला अनेक हेडफोनना लागतो एक मिलिवॅट. हजारावा हिस्सा. दहा मिलिवॅट दिले की ११० डेसिबल, आणि काडेपेटीएवढा वर्धक तेवढं हसत देतो.

आणि हे घडताना काहीच जाणवत नाही. खोलीत अँप १०० डेसिबलवर वाजला तर खिडकीची काच थरथरते, छातीत धडधडतं, मुलगा उठून रडायला लागतो, आजी छताला झाडूचा दांडा मारतात. आपण निमूट बटण खाली करतो. हेडफोनमध्ये यातलं काही नाही. मी समजत होते की हेडफोन लावून मी आजींचा त्रास मिटवला. खरं तर आजी हा माझ्या आवाजाचा ब्रेक होता, आणि तोच मी काढून टाकला होता. त्यात कानही फसवतो. अर्धा तास मोठा आवाज ऐकला की तो तात्पुरता बधिर होतो, मग तोच आवाज हळू वाटतो आणि आपण आणखी वाढवतो.

मामाचा कान

माझे मामा इचलकरंजीला यंत्रमागावर होते. खात्यात शंभर माग एकदम चालायचे. तिथे आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. पन्नाशीतच मामांना फोनवर बोलणं अवघड झालं. "ऐकू येतंय गं, पण शब्द कळत नाहीत," असं ते म्हणायचे. लहानपणी मला हे कोडंच वाटायचं. ऐकू येतंय तर कळत का नाही?

उत्तर कानाच्या रचनेत आहे. कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि पडद्याच्या बाजूला बंद. अशा नळीत ३००० ते ३५०० हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो, म्हणजे त्या पट्ट्यातला आवाज कान स्वतःच वाढवून घेतो. गोंगाटानं होणारी इजा सर्वांत आधी दिसते ती याच्या जरा वर, ४००० हर्ट्झच्या जवळपास. आणि आपल्या बोलण्यात स, श, फ, त, ख ही व्यंजनं उचलून धरणारा भाग इथेच आणि याच्या वर आहे. स्वर खाली असतात, ते शाबूत राहतात. त्यामुळे बोलल्याचं ऐकू येतं, पण 'सात' की 'हात' ते कळत नाही.

प्रत्येक कानाच्या कॉक्लियात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्यातल्या ३५०० च्या आसपास आवाज मेंदूला कळवतात, बाकीच्या तो वाढवायला मदत करतात. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. आपल्यात नाही. जेवढ्या घेऊन आलो तेवढ्यावरच जन्म काढायचा.

यात भर घातली ती माझ्या घरापासून काही मैलांवरच्या एका रुग्णालयात झालेल्या कामानं. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी 'मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर' इथे उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. त्यांची श्रवणशक्ती कमी झाली आणि काही दिवसांत पूर्ववत आली. नेहमीच्या चाचणीत उंदीर ठणठणीत. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसलं, की केशपेशी शिल्लक असूनही वरच्या पट्टीच्या भागात केशपेशी आणि श्रवणाच्या चेतातंतू यांच्यामधले जवळजवळ निम्मे सांधे कायमचे गेले होते. माणसाच्या कानात हे कितपत घडतं यावर अजून वाद आणि संशोधन चालू आहे. पण 'सकाळपर्यंत कान बरा झाला' या समाधानाला मात्र त्यानं चांगलाच तडा गेला. तो रविवार मी विसरून गेले होते, ते चुकलंच होतं.

मी श्रवणतपासणी करून घेतली. आलेख चांगला होता, फक्त डाव्या कानात ४००० हर्ट्झला छोटासा खळगा. "आज याचा तुम्हाला काही त्रास नाही," ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, "पण तो भरून येणार नाही. आता पुढे खोल होऊ द्यायचा का, ते तुमच्या हातात." तो आलेख हातात घेऊन बाहेर आले तेव्हा मामा आठवले. त्यांना त्या गोंगाटाचा पगार मिळायचा आणि दुसरा मार्ग नव्हता. मी पैसे मोजून गोंगाट विकत आणला होता, आणि माझ्याकडे बटण होतं.

मग काय करायचं?

सराव सोडायचा नाही. ब्रेक परत बसवायचा. मी जे बदललं ते सांगते, यातलं बहुतेक फुकट आहे.

एक, शांततेत सुरुवात करा. हेडफोन लावल्यावर आधी गाणं बोलण्याच्या आवाजापेक्षा जरा कमीच ठेवा आणि मग गिटार त्याच्या बरोबरीला आणा. ती पातळी बटणावर पेन्सिलीनं खूण करून ठेवा. त्या रात्री खुणेच्या वर जायचं नाही. कान बधिर झाल्यावर त्याचं मत विचारात घ्यायचं नसतं.

दोन, गिटार ऐकू येत नसेल तर गाणं कमी करा. वाढवायचा मोह झाला की उलट बटण फिरवायचं, एवढी सवय लागली तरी निम्मं काम होतं.

तीन, दोघांना वेगवेगळ्या जागा द्या. गाणं थोडं डावीकडे आणि गिटार थोडी उजवीकडे सरकवली की तीच पातळी ठेवूनही गिटार स्वच्छ ऐकू येते. गर्दीत एकाच माणसाचं बोलणं आपण कसं टिपतो? दोन्ही कानांच्या मदतीनं. इथेही तेच.

चार, गाण्यातली गिटार काढून टाका. पूर्वी हे स्वप्नच होतं. २०१९ साली डीझर कंपनीनं 'स्प्लीटर' हा प्रोग्राम खुला केला आणि तयार गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे काढणं घरच्या संगणकावर जमायला लागलं. आता गिटार वेगळी काढणारी साधनंही आली आहेत. जुन्या मोनो रेकॉर्डवर त्यांचं काम तितकंसं बरं होत नाही, पण नव्या गाण्यांवर चांगलं होतं. झाकणारी गिटारच गेली की आवाज वाढवायचं कारण उरत नाही. शिवाय मूळ वादकाच्या पदराआड लपलेल्या आपल्या चुका उघड्या पडतात. माझ्या पडल्या. दोन वर्षं मी एक जागा चुकीची वाजवत होते.

पाच, अवघड तुकडा हळू करून वाजवा. स्वर न उतरवता गाण्याची गती कमी करणं आज कुठल्याही ॲपमध्ये होतं. त्यामागची 'फेज व्होकोडर' ही पद्धत बेल प्रयोगशाळेत १९६६ साली मांडली गेली. आवाजाची कंपनसंख्यांमध्ये फोड करायची आणि ताणलेल्या वेळात ती पुन्हा जोडायची. हळू गाण्यात सूर सुटे सुटे ऐकू येतात आणि हात बटणाकडे कमी जातो.

सहा, पंचेचाळीस मिनिटांनी हेडफोन काढा, पाणी प्या, दहा मिनिटं कान रिकामे ठेवा. कानात 'टीं' आलं किंवा आवाज कापूस घातल्यासारखा वाटला तर त्या रात्री पुन्हा लावू नका. ते दुसऱ्या दिवशीही राहिलं तर तपासून घ्या. घरात मुलं ड्रम किंवा की-बोर्ड वाजवत असतील तर ती पुठ्ठ्याची चकती एकदा त्यांच्या हेडफोनलाही लावून बघा.

सातवा बदल विज्ञानाचा नाही. मी आजींना जाऊन सांगितलं की गिटार सोडलेली नाही, फक्त कानात कोंडली होती. आता शनिवारी दुपारी चार ते साडेचार मी अँप लावते, त्यांना विचारून. हेडफोनमध्ये जे भरजरी वाटायचं ते खोलीत कसं वाजतं ते तेव्हा कळतं, आणि आवाज किती मोठा आहे हेही खिडकीची काच सांगते.

गेल्या शनिवारी त्या जिन्यात भेटल्या. मी विचारलं, "जास्त मोठा नव्हता ना?" म्हणाल्या, "नाही गं, आवाज ठीक होता. पण अजून तेच वाजवतेस."